चकमकीत दीड तास जातो आणि जादूच्या वस्तू पिशवीतून बाहेरच येत नाहीत: आम्ही काय बदललं

आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो: प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत मिळून एक गोष्ट रचायची. आमचा गट पाच खेळाडूंचा, डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि राक्षस चालवणारा) मी. दर रविवारी दुपारी चारला ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या घरी बसतो. तिघं जण नेरूळ आणि कोपरखैरण्याहून ट्रान्स-हार्बरने येतात. मेगाब्लॉक असला की अर्धा तास उशीर ठरलेला, आणि परतीच्या गाडीसाठी साडेसातला फासे आवरावेच लागतात. चहा-वडे वजा जाता खेळायला जेमतेम तीन तास उरतात. त्यातले दीड तास फुटकळ मारामारीत गेले की गोष्ट तिथल्या तिथे राहते. आमच्याकडे वर्षभर जवळजवळ दर आठवड्याला हेच चाललं होतं.

दुसरी तक्रार मला बरेच दिवस वेगळी वाटत होती. मी हौसेने दिलेल्या जादूच्या वस्तू कोणी वापरायचं नाही. माझा भाचा विझार्ड (जादूगार) खेळतो. त्याला मी मॅजिक मिसाइलची, म्हणजे जादूचे बाण सोडणारी कांडी दिली होती, सात चार्जची (सात वेळा पुरेल इतक्या जादूची). अकरा सेशनमध्ये त्याने ती दोनदा वापरली. दर वेळी विचारलं की उत्तर एकच: "राहू दे मामा, पुढे लागेल." ते पुढे कधी आलंच नाही. मोठी लढाई आली तेव्हा कांडी आहे हेच तो विसरला होता.

या दोन तक्रारी एकाच ठिकाणाहून येतात हे कळायला मला बराच वेळ लागला, म्हणून आधी ते कसं कळलं ते सांगतो.

धक्क्यावरचे सहा गॉब्लिन

आमची मोहीम १७३७च्या साष्टीत, म्हणजे ठाण्याच्या बेटावर घडते. मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाण्याचा किल्ला घेतला ते वर्ष. फरक इतकाच की आमच्या साष्टीत खाडीकाठच्या मिठागरांत गॉब्लिन (छोटे राक्षस) राहतात आणि खाडीपलीकडे पारसिकच्या डोंगरात त्याहून मोठं काहीतरी आहे. नियम डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे, २०१४च्या पुस्तकांतले. खालचे आकडे त्याच पुस्तकांचे आहेत. २०२४च्या सुधारित पुस्तकांमुळे जिथे फरक पडतो तिथे तसं सांगतो.

एका रविवारी पार्टी (पाच पात्रांची टोळी) रात्री होडीच्या धक्क्यावर आली आणि तिथे सहा गॉब्लिन दबा धरून बसले होते. पाचही पात्रं तिसऱ्या लेव्हलची. पुस्तकात प्रत्येक राक्षसाला अनुभवाचे अंक दिलेले असतात. त्या हिशेबाने पाच जणांच्या अशा पार्टीला ३७५ अंकांपासून लढाई सोपी आणि ७५० पासून मध्यम. एक गॉब्लिन ५० अंकांचा, सहा मिळून ३००, आणि संख्या सहा असल्यामुळे दुप्पट धरायचे, म्हणजे ६००. सोपीच लढाई. (ही पटीची भानगड २०२४च्या पुस्तकात काढून टाकली आहे. त्या हिशेबाने ही लढाई आणखी किरकोळ ठरते.)

घड्याळ मात्र वेगळं बोलत होतं. पाच खेळाडू आणि सहा गॉब्लिन मिळून अकरा पाळ्या. एका पाळीला दोन मिनिटं धरली तरी एक फेरी बावीस मिनिटांची. चार फेऱ्या झाल्या आणि सुमारे दीड तास संपला. जमेला काय आलं? फायटरचे (लढवय्याचे) नऊ हिट पॉइंट, म्हणजे जीव मोजायचे अंक गेले, क्लेरिकचा (देवाच्या नावाने मंत्र टाकणारीचा) एक स्पेल स्लॉट, म्हणजे एक मंत्र टाकायची मुभा गेली. मग पार्टी पलीकडच्या काठावर झोपली, आठ तासांचा लाँग रेस्ट झाला आणि सगळं भरून आलं. दीड तास खेळून सकाळी कोणाच्याही कॅरेक्टर शीटवर (पात्राची माहिती लिहायच्या कागदावर) एक खूणसुद्धा उरली नव्हती.

त्या रात्री सगळे गेल्यावर मी पाच शीट समोर ठेवून बसलो आणि तेव्हा लक्षात आलं. चकमकीत काही जातच नसेल, तर वस्तू खर्च करायची गरज कोणाला पडणार? आणि वस्तू खर्च होतच नसतील, तर चकमकीत जाणार तरी काय? २०१४चं डंजन मास्टर्स गाइड एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढाया धरून चालतं. कांड्यांचे चार्ज, स्पेल स्लॉट, पहाटे वस्तू भरून येणं, सगळं त्याच हिशेबाने मांडलेलं आहे. आमच्या खेळातल्या दिवसाला एक लढाई, फार तर दोन. तीन तासांत अजून काय होणार? म्हणजे प्रत्येक लढाईला पार्टी भरल्या खिशाने उभी.

जे करून पाहिलं आणि सोडलं

राक्षसांची संख्या कमी केली. लढाई लवकर संपायची, पण तितकीच पोकळ. मग राक्षस तगडे केले, तर लढाई दोन तासांवर गेली. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणलं. ते मला आजही बोचतं, कारण आमच्यातली सगळ्यात नवीन खेळाडू आपलं पात्र काय करतंय हे फार सुंदर सांगायची, आणि घड्याळ आल्यापासून ती फक्त "हल्ला करते" एवढंच म्हणायला लागली. दोन रविवारांनंतर ते घड्याळ आईला भाजी शिजवताना वापरायला देऊन टाकलं.

नव्या आणि आणखी भारी वस्तू देणं हाही उपाय नाही. पिशवी जड होते, बस.

पहिला बदल: वस्तू हातात द्या

कॅरेक्टर शीटवर "कांडी, ७ चार्ज" असं पेन्सिलीने लिहिलेलं असतं तेव्हा ती कांडी कोणाकडेच नसते. आता माझ्याकडे जितक्या वस्तू आहेत तितकी कार्डं आहेत, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून केलेली. चार्जच्या वस्तूबरोबर एक डबी आणि डबीत चिंचोके. भाच्याच्या डबीत सात. एक चार्ज वापरला की एक चिंचोका माझ्या वाटीत टाकायचा. हीलिंग पोशनसाठी (जखम भरणाऱ्या औषधासाठी) होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या. प्यायलं की बाटली मला परत.

याचा इतका परिणाम होईल असं मला वाटलं नव्हतं. डबी समोर असते, हलवली की वाजते. पहिल्याच रविवारी भाच्याने तीन चिंचोके खर्च केले. बाटलीचं तर आणखी वेगळं. एकदा क्लेरिक खाली कोसळली होती आणि रेंजर (रानातला तिरंदाज) खेळणाऱ्याने स्वतःची शेवटची बाटली टेबलावरून तिच्याकडे सरकवली. दोन डी-फोर (चार बाजूंचे फासे; डी-सिक्स सहा बाजूंचा, डी-ट्वेंटी वीस) अधिक दोन, म्हणजे सरासरी सात हिट पॉइंट. आकडा मोठा नाही, पण ती बाटली सरकताना सगळे गप्प होऊन बघत होते.

पोशनच्या बाबतीत एक नियम मात्र बदलून घ्या. २०१४च्या नियमात पोशन प्यायला पूर्ण अ‍ॅक्शन, म्हणजे पाळीतली मुख्य कृती लागते, म्हणून ऐन लढाईत कोणी पीत नाही. २०२४मध्ये ते बोनस अ‍ॅक्शनवर (मुख्य कृतीशिवायच्या छोट्या कृतीवर) आणलं आहे. आम्ही तेवढा नियम उचलला.

कार्डांचा दुसरा फायदा अट्यूनमेंटला होतो. एका पात्राला एका वेळी तीनच वस्तूंशी जुळवून घेता येतं, हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि कोणीच पाळत नाही, कारण मोजायचं कोणी? आता जुळवलेल्या वस्तूंची कार्डं उभी आणि बाकीची पालथी ठेवायची. चौथं उभं राहिलं की शेजारचाच ओरडतो. मला बोलावं लागत नाही.

दुसरा बदल: पहाट नको, भरती हवी

बहुतेक चार्जच्या वस्तू रोज पहाटे थोड्या भरतात. मॅजिक मिसाइलची कांडी रोज एक डी-सिक्स अधिक एक इतकी, म्हणजे सरासरी साडेचार चार्ज परत. दिवसाला एकच लढाई असेल तर ही कांडी कधी रिकामी होणारच नाही.

आमच्या साष्टीत वस्तू खाडीच्या पाण्याबरोबर भरतात. अमावास्या आणि पौर्णिमेच्या उधाणाला पूर्ण भरतात. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं, तेव्हा एक डी-फोर इतक्याच भरतात. सुरुवातीला मी फक्त उधाण ठेवलं होतं, ते चुकलं. पंधरा दिवसांची वाट म्हटल्यावर सगळे पुन्हा राखून ठेवायला लागले. भांग धरल्यापासून आठवड्याला काहीतरी परत मिळतं आणि हात सैल राहतो. तिथी बघायला भिंतीवरचं कालनिर्णय आहेच. खेळातला एक दिवस गेला की पानावरची टाचणी एक घर पुढे.

तुमच्या मोहिमेत खाडी नसेल तर आठवडी बाजाराचा दिवस धरा, ग्रामदेवतेचा वार धरा. मुद्दा असा की दोन भरण्यांच्या मध्ये तीन-चार चकमकी बसल्या पाहिजेत. पुस्तकात एक पर्यायी नियम आहे, शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) आठ तासांचा आणि लाँग रेस्ट सात दिवसांचा. तोही आम्ही लावून पाहिला. त्यात स्पेल टाकणारी पात्रं फार कोरडी पडतात आणि फायटर मजेत राहतो, म्हणून तो ठेवला नाही. वस्तूंचं भरणं लांबवलं आणि स्पेल स्लॉट तसेच ठेवले, तर कोणावर अन्याय होत नाही.

त्या कांडीच्या नियमात आणखी एक गंमत आहे. शेवटचा चार्ज वापरला की डी-ट्वेंटी टाकायचा, एक आला तर कांडीची राख होते. वीसात एकदाच, तरी भाचा एक चिंचोका कायम मागे ठेवायचा. कळव्याच्या बाजूला पार्टी खाडीच्या चिखलात अडकली तेव्हा त्याने तोही काढला, माझ्या वाटीत ठेवला आणि फासा टाकला. तीन आले. कांडी वाचली. मग तो उठला आणि भिंतीपाशी जाऊन अष्टमी कधी आहे ते बघून आला.

तिसरा बदल: चकमकीला एकच फासा

हा खरा उपाय आहे. वरचे दोन याच्यासाठीच आहेत.

लढाई सुरू होण्याआधी मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: यात पार्टी हरू शकते का? उत्तर "हो" असेल, तर इनिशिएटिव्ह (पाळ्यांचा क्रम ठरवणारा फासा), नकाशा, सगळं नेहमीसारखं. "नाही" असेल तर ती चकमक. मग मी पार्टीला विचारतो, "यातून तुम्हाला काय हवंय?" सगळे मिळून एका वाक्यात सांगतात: होडी हवी, आवाज न होता पलीकडे जायचंय, एक गॉब्लिन जिवंत पकडायचाय.

मग प्रत्येक जण एकदाच सांगतो की आपलं पात्र काय करतं, आणि त्याला साजेसा एक डी-ट्वेंटी टाकतो. हल्ला असो, लपणं असो, धमकावणं असो, बारा किंवा जास्त आले की यश. पाचपैकी तिघांना यश आलं तर पार्टीला हवं ते मिळालं. ज्याचा फासा चुकला त्याने किंमत मोजायची, आणि कोणती ते त्याने स्वतः ठरवायचं: एक डी-सिक्स अधिक दोन इतके हिट पॉइंट (गॉब्लिनचा एक वार एवढाच असतो), किंवा एक स्पेल स्लॉट, किंवा वस्तूतला एक चार्ज.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: फासा टाकण्याआधी वस्तू खर्च केली, तर फासा टाकायचाच नाही. यश नक्की.

चिंचोके वाजायला लागले ते या एका ओळीमुळे. साध्या लढाईत मॅजिक मिसाइलचा एक चार्ज म्हणजे तीन बाण, प्रत्येकी एक डी-फोर अधिक एक. सात हिट पॉइंटच्या गॉब्लिनला सरासरीने दोन बाण लागतात. म्हणजे एका चार्जमध्ये जेमतेम दीड गॉब्लिन. ते बघून कोण खर्च करेल? चकमकीत तोच चार्ज तुमच्या वाट्याचं काम पुरं करतो, तेही चुकण्याची भीती न ठेवता. वस्तूला वजन आलं आणि चकमकीला किंमत आली, दोन्ही एकदम.

धक्क्यासारखाच प्रसंग पुढे मिठागराच्या बांधावर आला, तेव्हा हे असं झालं. पार्टीला मिठाची होडी हवी होती, गॉब्लिन तिची दोरी सोडून पळवत होते. फायटर बांधावर आडवा उभा राहिला, चौदा आले. रेंजरचा बाण हुकला, त्याने पाच हिट पॉइंट दिले. भाच्याने डबी हलवली आणि एक चिंचोका माझ्या वाटीत टाकला. क्लेरिकने शंख फुंकून त्यांना घाबरवायचं म्हटलं, तिला नऊ आले, तिने एक स्पेल स्लॉट खोडला. शेवटी रोग (इंग्रजी rogue, चोरटं चपळ पात्र) खेळणारीकडे इमूव्हेबल रॉड, म्हणजे बटण दाबलं की हवेत जागच्या जागी अडकणारा दांडा होता. तिने होडीच्या नाळीपुढे, पाण्याच्या जरा वर, तो हवेत रोवला आणि बटण दाबलं. तो रॉड ८००० पौंड, म्हणजे साडेतीन टनांहून जास्त भार धरून ठेवतो. होडी त्याच्यावर आपटली आणि थांबली. या रॉडला चार्ज नसतात, म्हणून किंमत मी वेगळी सांगितली: होडी निघेपर्यंत रॉड तिथेच, आणि काढायला कोणीतरी पाण्यात उतरायचं. ती म्हणाली, "उतरते." सगळं मिळून नऊ मिनिटं. त्यानंतरच्या तीन चकमकींत रेंजर जखमीच होता, आणि प्रत्येक निर्णय त्या जखमेकडे बघून घेतला गेला.

अनुभवाचे अंक चकमकीलाही पूर्ण द्या. कमी दिले तर खेळाडू नकाशा मागतात.

लढाई खरीच असेल तर

"हो" वाल्या लढाया लांबतात तेव्हा दोष बहुतेक वेळा डीएमच्या पाळीचा असतो. सारख्या राक्षसांचं इनिशिएटिव्ह एकदाच टाका, नियम तसाच आहे. नुकसानीचा फासा टाकू नका, पुस्तकात प्रत्येक हल्ल्यापुढे सरासरी छापलेली असते, गॉब्लिनची पाच. घोळका मोठा असेल तर २०१४च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये घोळक्याचा एक तक्ता आहे. लागायला किती हवेत ते काढायचं, आणि एक वार लागायला किती जण लागतात ते तक्ता सांगतो. आमच्या फायटरचा एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १८, गॉब्लिनच्या फाशात भर चारची, म्हणजे फाशावर चौदा हवेत. तक्ता म्हणतो तिघांमागे एक वार. सहा गॉब्लिन, दोन वार, दहा हिट पॉइंट. एकही फासा न टाकता माझी पाळी अर्ध्या मिनिटात संपते.

आणि राक्षसांना पळू द्या. अर्धे हिट पॉइंट गेले किंवा म्होरक्या पडला, की विज्डमचा (शहाणपणाचा) सेव्ह, दहाचा: फासा आणि भर मिळून दहा झाले तर तो टिकतो, नाहीतर पळतो. गॉब्लिनची भर उणे एक आहे, म्हणजे अकरा यावे लागतात. दोनातला एक पळतो. शेवटचा गॉब्लिन शोधून मारण्यात आमची अख्खी फेरी जायची, ती आता जात नाही.

खराट्याचं प्रकरण

एक वस्तू मात्र वरच्या कुठल्याच उपायात बसली नाही, ती म्हणजे उडता झाडू. पुस्तकात तो अनकॉमन (दर्जाच्या उतरंडीत खालून दुसरा) आहे, साध्या प्लस-वन तलवारीच्या रांगेत, आणि त्याला अट्यूनमेंटही लागत नाही. मी पहिल्याच महिन्यात तो देऊन बसलो. रोग खेळणारी त्याला खराटा म्हणते. वेग पन्नास फूट, दोनशे पौंडांच्या वर वजन गेलं तर तीस. धनुष्य घेऊन ती वर गेली की लांडग्यांच्या सगळ्या लढाया तिथेच संपायच्या आणि बाकीचे चौघं खाली उभे. वस्तूचा दर्जा ती किती भारी आहे तेवढंच सांगतो. ती खेळाचं काय करेल हे त्यावरून कळत नाही. उडणं, अदृश्य होणं, दुसऱ्याचं मन वाचणं, यांपैकी काहीही अमर्याद देणारी वस्तू दर्जा न बघता दोनदा वाचा.

मी ती काढून घेतली नाही. एकदा दिलेली वस्तू चोराकरवी पळवणं हा खेळाडूचा विश्वास तोडण्याचा सगळ्यात जवळचा रस्ता आहे. मी तिला सेशनच्या आधी फोन केला आणि जे आहे ते सांगितलं: "अगं, खराटा तुझाच आहे, पण बाकीच्यांना लढायला काही उरत नाही. काय करूया?" तिनेच सुचवलं की खराट्यालाही डबी द्या. आता त्यात चार चिंचोके आहेत, एक चिंचोका म्हणजे एक उड्डाण. आणि मीही जागा बघून चकमकी ठेवतो: येऊरच्या दाट झाडीत, विहिरीत, किल्ल्याच्या भुयारात, आषाढातल्या झडीत. सगळीकडे नाही, तीनातल्या एका ठिकाणी. बाकी दोन ठिकाणी तिने खुशाल उडावं.

वस्तू ओळखण्यात वेळ जात असेल तर एक शॉर्ट रेस्ट वस्तू हातात घेऊन बसलं की गुण कळतात, हा नियम सरळ वापरा आणि कार्ड देऊन टाका. शाप असेल तर तो याने कळत नाही, ते मी कार्डाच्या मागे लिहून वर कागद चिकटवतो.

हे कुठे चालत नाही

आमचा फायटर खेळणारा मित्र आठवडाभर ऑफिसात मान मोडून काम करतो आणि रविवारी त्याला नकाशावर उभं राहून तलवार चालवायची असते. एका फाशाची चकमक त्याला आवडत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. म्हणून दर रविवारी एक तरी "हो" वाली लढाई ठेवतोच, साधारण सहाच्या सुमाराला, चहानंतर. ती पूर्ण तास घेते आणि घेऊ देतो. चकमकी नऊ-दहा मिनिटांत संपायला लागल्यापासून तेवढा तास मिळतो.

तिसऱ्याऐवजी आठव्या-नवव्या लेव्हलची पार्टी असेल तर किंमत वाढवा. एक डी-सिक्स अधिक दोन तिथे कोणाला जाणवणार नाही, तीन डी-सिक्स धरा. स्पेल स्लॉट मात्र खेळाडूच्या मर्जीचाच राहू द्या.

सगळं एकाच रविवारी बदलू नका. आधी फक्त कार्डं आणि डब्या आणा, दोन सेशन जाऊ द्या, म्हणजे कोणाकडे काय पडून आहे ते सगळ्यांनाच दिसेल. मग एका फाशाची चकमक घ्या. भरतीचा नियम सगळ्यात शेवटी, आणि तो लावण्याआधी एकदा सगळ्या वस्तू पूर्ण भरून द्या.